वाजतोय तोवर

गादीखालून फोन निघाला तेव्हा तो वाजतच होता. पडद्यावर 'आई' असं नाव होतं.

हवालदाराने तो हातमोज्याच्या दोन बोटांत धरला आणि फोनच्या तपासणीसाठी आलेल्या मॅडमकडे बघितलं. सकाळी एक घर उरकून त्या इथे आल्या होत्या, जिने चढून पाय बोलायला लागले होते. त्यांनी चंदेरी पिशवीचं तोंड उघडून धरलं.

या पिशवीवर त्यांनी आजवर इतकी व्याख्यानं झोडली होती की खात्यातल्या लोकांचे कान किटले होते. पिशवीत गेला की फोनचा जगाशी संबंध तुटतो. बाहेर राहिला, तर ज्याच्याकडे पासवर्ड आहे तो कुठेही बसून तो कोरा करू शकतो. म्हणून आधी पिशवी, मग बाकीचं.

आणि या फोनचा पासवर्ड नवऱ्याकडे असणारच. फोन त्यानेच बायकोला घेऊन दिला होता, चालूही त्यानेच करून दिला होता. 'ती जिन्यावरून पडून गेली' एवढं शेजारणीला सांगून तो सकाळीच पसार झाला होता. शेजारीण मात्र म्हणत होती, त्याच्या धमक्या पोरीने फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवल्यात. पुरावा तेवढाच. बाकी सगळा आनंद होता.

"टाका आत," मॅडम म्हणाल्या.

हवालदार घुटमळला. "मॅडम, आईला अजून कळवलेलं नाही. साहेबांनी गाडी पाठवलीय, पण पोचायला वेळ लागेल. पिशवीत टाकला की तिला फोन बंद लागणार. एकटीच असते म्हणे."

फोन थांबला. लगेच पुन्हा वाजायला लागला.

मॅडमना परगावी शिकणारी मुलगी होती. तिचा फोन बंद लागला की मनात काय काय येऊन जातं, ते त्यांना कोणी सांगायला नको होतं. नुसता वाजत राहिला तर बरं असतं. आंघोळीला गेली असेल, कुठेतरी ठेवून विसरली असेल धांदरट, असं म्हणून वेळ काढता येतो.

"गाडी पोचेपर्यंत राहू दे," त्या म्हणाल्या. "वाजतोय तोवर तिला वाटेल, पोरगी कामात आहे."

हवालदाराने फोन टेबलावर ठेवला. मॅडम पलंगावर टेकणार होत्या, पण कोणाचा पलंग ते आठवलं आणि उभ्याच राहिल्या. दोरीवरचे कपडे वाळून कडक झाले होते. शेगडीवरच्या दुधावर साय धरली होती. फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. बाई चिकाटीची होती.

मग वाजता वाजता मध्येच पडदा काळा झाला.

"बॅटरी गेली वाटतं," हवालदार म्हणाला.

मॅडमना कळलं होतं. थोड्या वेळाने पडदा उजळला, पांढराशुभ्र, आणि त्यावर अक्षरं आली: 'नमस्कार. तुमची भाषा निवडा.'

हवालदाराचा चेहरा उतरला. "कोरा केला त्याने?"

"केला."

"मी सांगतो साहेबांना, माझ्याकडून उशीर झाला म्हणून. माझी नोकरी संपतच आलीय. मला काय करणार आहेत?"

"गप्प बसा हो," मॅडम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, रागावण्याएवढं त्राणही उरलं नव्हतं. तो माणूस आता सुटणार होता, आणि त्यांच्यामुळे सुटणार होता. पोरीने जीव मुठीत धरून साठवलेलं सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत गेलं होतं.

फोन पुन्हा वाजला. आता नाव नव्हतं, नुसता नंबर होता.

हवालदाराने सवयीने पिशवी पुढे केली. मॅडमनी ती बाजूला सारली. जपण्यासारखं त्यात काही राहिलंच नव्हतं. त्यांनी फोन उचलून कानाला लावला.

"अगं, किती वेळ लावलास उचलायला!" पलीकडून आवाज आला. "मी म्हटलं, काही झालं की काय."