वळणाआधी कापलेली रेघ

पडद्यावरचा आलेख पाहिला आणि विनताचं डोकंच फिरलं. रेघ उतरत उतरत तळाला आली होती आणि पडद्याच्या उजव्या कडेला संपली होती. तिचा पुढचा भाग कुणीतरी सफाईने उडवला होता.

"मॅडम, माझी रेघ कुणी कापली?"

"मी," तिच्या गाइड भानुमती मॅडम पदर सारखा करत म्हणाल्या. "आत्ता, तू समोसे मांडून राहिली होतीस तेव्हा. खाली येऊन पुन्हा वर जाऊन राहिली होती ती. लोक दहा प्रश्न विचारतात."

विनताने कपाळावर हात मारून घेतला. थीसिसचा शेवटचा सेमिनार विद्यार्थ्याचा, म्हणून पाहुण्यांचे समोसेही विद्यार्थ्यानेच आणायचे, अशी विभागाची रीत होती. त्यासाठी ती सकाळीच सिव्हिल लाइन्सला जाऊन आली होती. त्याचं हे फळ.

पाच वर्षं तीच उजळणी. काचेच्या तंतूत प्रकाशाचा स्पंद सोडला की तो पसरत जातो. प्रकाश वाढवला की काचच त्याला आवळते आणि स्पंद अरुंद होतो. हे पुस्तकांत होतं. विनताने घेतलेली काच मात्र एका मर्यादेपर्यंतच दाद द्यायची. पोट भरलेल्या पाहुण्याला आग्रह करावा, तशी गत. त्यापुढे प्रकाश कितीही ओतला तरी स्पंद आवळला जायचा नाही, उलट पसरू लागायचा. स्पंदाची रुंदी दाखवणारी रेघ तिथे वर वळायची. ते वळण तेवढं विनताचं होतं.

"ते काढलं तर माझ्या थीसिसमध्ये उरतं काय, मॅडम?"

"अच्छा, म्हणजे सगळी पुस्तकं चूक आणि तू बरोबर?"

"पुस्तकं त्यांच्या काचेबद्दल बोलून राहिली. माझी काच वेगळी आहे."

"बेटा, काहून डोकं खाऊन राहिली? आधी डिग्री घे. मग वळव काय वळवायचं ते."

विनताने हात टेकले. या बाईंच्या सहीवाचून थीसिस जमा होणार नव्हता, आणि या बाईंना काही सांगणं तिच्या हातून होणार नव्हतं. तेवढ्यात पाहुणे आत आले.

ती बोलली. रेघेच्या तळापर्यंत बोलली आणि थांबली. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी समोशाचा घास गिळत विचारलं, "पावर और बढ़ाएँगे तो? पल्स और पतला होगा ना?"

"जी सर, बिल्कुल," पहिल्या रांगेतून मॅडमनीच उत्तर देऊन टाकलं, आणि विनताकडे पाहून डोळे वटारले.

विनताला आता खरंच असह्य झालं. तिने टेबलावरचा जाडा मार्कर उचलला, पडद्याच्या कडेला रेघ संपत होती तिथे भिंतीवर टेकवला आणि रेघ पुढे ओढली. थोडी आडवी, मग वर, हात पोचेल तिथवर.

"अगं, परवाच रंगवली ना ती भिंत!" मॅडम किंचाळल्या.

तज्ज्ञांनी समोसा बशीत ठेवला. ते उठून भिंतीपाशी आले, चष्मा कपाळावर सरकवला आणि वळणावर बोट ठेवलं.

"ये यहाँ से मुड़ी क्यों?"

पाच वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. मॅडमकडे न पाहता विनताने मार्कर पुन्हा टेकवला आणि वळणाशेजारी, त्याच भिंतीवर, काचेचा तंतू काढायला घेतला.