मनातलं

संग्रामपूरच्या कचेरीत स्नेहलताबाईंना कामाचा फोन मिळाला. शेजारच्या टेबलावरच्या धम्मशीलाने त्यात मेसेजचं ॲप घालून दिलं, त्यांना ऑफिसच्या ग्रुपमध्ये जोडलं आणि आपला डबा पुढे सरकवला. "घ्या न मॅडम, भाकर हाय."

"उपास आहे गं," त्या हसून म्हणाल्या.

तेवढ्यात ग्रुपवर त्यांच्याच नंबरावरून व्हॉइस मेसेज आला. धम्मशीलाने तो लावला.

"हिच्या हातचं कसं खायचं?"

आवाज स्नेहलताबाईंचाच होता. पण हे त्या फक्त मनात बोलल्या होत्या.

त्यांनी घाईघाईने मेसेज पुसला.

"काऊन पुसलं, मॅडम? आयकलं न मी."

स्नेहलताबाईंनी फोन बंदच करून टाकला. तरी धम्मशीलाच्या फोनवर पुन्हा त्यांचाच मेसेज आला. हा बराच लांब होता.

धम्मशीलाने आवाज वाढवला.