पाठची बाळं

गरोदर सुनेचा रक्तगट निगेटिव्ह निघाला आणि सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. मुलगा-सुनेसोबत तपासणीच्या खोलीत शिरल्या, तरी तो थांबेना. "आमच्या घरात असलं रक्त कुणाचं नाही हो, डॉक्टर!"

डॉक्टरीणबाई हसल्या. "आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असलं, तरी पहिलं मूल बहुधा सुखरूप होतं, आजी. पण तेव्हापासून आईचं शरीर त्या रक्ताला वैरी समजायला लागतं आणि पाठच्या बाळांच्या जिवावर उठतं. हल्ली वेळेवर इंजेक्शन दिलं, की घाबरायचं कारण नसतं."

सुनेला वाटलं, आता नवा टोमणा येणार. सासूबाईंनी मात्र बाही सारून स्वतःचा हात पुढे केला.

"माझंही तपासा. ह्याच्या पाठची माझी तिन्ही बाळं जन्मताच पिवळी पडून गेली."

त्यांचंही रक्त निगेटिव्हच निघालं.



घरी परतताना त्यांनी मुलाला गाडी धाकट्या जावेच्या दाराशी थांबवायला लावली. बाळांना तिचीच नजर लागली म्हणून त्या तेव्हापासून तिची पायरी चढल्या नव्हत्या.