लाह्या फुटेनात

खापरातल्या तापलेल्या वाळूत अंबूबाईने भाताची चौथी ओंजळ टाकली आणि सगळे गप्प झाले. सगळे म्हणजे अंबूबाई, तिचा नवरा देवजी, सून हौसा आणि हौसाला माहेरी न्यायला शेणव्याहून आलेला तिचा भाऊ कमळू. भात तडतडलं नाही, उडालं नाही. करपलं मात्र शिस्तीत.

"फुटंना," देवजी म्हणाला. आधीच्या तीन ओंजळींनाही त्याने हेच सांगितलं होतं.

उद्या नागपंचमी. उद्या खापर चढवायचं नाही, काही भाजायचं नाही. म्हणून लाह्या आजच व्हायला हव्यात, आणि त्या झाल्याशिवाय सून उंबरा ओलांडणार नाही, असं अंबूबाईने कमळूला पाणी द्यायच्या आधीच सांगून टाकलं होतं. दुपार कलत आली होती. वाटेतली नदी चढत होती. कमळू उठत होता, बसत होता, पुन्हा उठत होता.

लाह्या का फुटत नाहीत, हे घरात एकट्या हौसाला ठाऊक होतं. सरकारी लेव्हीचं धान्य वसूल करणारे उकडलेलं भात नेत नाहीत, असं कुणीतरी सांगितलं म्हणून अंबूबाईने उन्हाळ्यात एक अख्खी कणगी भात गुपचूप उकडून, सुकवून ठेवलं होतं. मघाशी कोपऱ्यातल्या अंधारात तिचा हात त्याच कणगीत गेला होता. त्या भाताची साल कधीच उकलली होती. त्याची लाही ब्रह्मदेवाच्या बापाला झाली नसती.

"आत्याबाय, ह्ये भात उकड..."

"हळू! पावना बसलाय."

"पन आत्याबाय..."

"मी काडलेलं उकडलेलं कसं आसंल? मला कळत नाय?" अंबूबाई दात आवळून कुजबुजली. मग मोठ्याने म्हणाली, "वाळूच वायट हाय."

वाळू बदलली. लाकडं बदलली. मीठमोहऱ्या घेऊन आधी खापराची दृष्ट काढली, मग चुलीची. देवजीच्या हातात फुंकणी दिली आणि त्याने फुंकायच्या आत काढून घेतली. पाचवी ओंजळ करपली.

अंबूबाईने घरभर नजर फिरवली. "कुनाची तरी सावली पडते."

आभाळ असं दाटलं होतं, की सकाळपासून गावात कुणाचीच सावली पडली नव्हती.

"कमळू, तू भाईर हो."

कमळू बाहेर झाला. सहावी ओंजळ करपली.

"हौसा, तू बी जा."

"कुटं जाऊ?"

"माह्यारी जा गो! तू हायस तवर ह्या फुटायच्या नाय."

हौसाने तोंड उघडलं. बियाण्याच्या भाताची कणगी उजव्या हाताला होती, नुसता हात लांबवायचा अवकाश. त्यातली एक ओंजळ टाकली की खापरभर लाह्या. मग त्या निवडायच्या, पाखडायच्या, आणि तोवर नदी. तिने तोंड मिटलं, सासूच्या पाया पडली आणि गाठोडं उचललं.

बहीणभाऊ बांधापाशी पोचले तोच मागून डोक्यावर इरलं घेतलेला देवजी आला.

"मामा, तुमी कुटं?" हौसाने सासऱ्याला विचारलं.

"मला बी काडला," देवजी म्हणाला. त्याचा चेहरा लग्नातल्यासारखा खुलला होता. "चाला, चाला. बोलवंल परत."

तिघांनी एकदाच मागे वळून पाहिलं. अंबूबाईही बाहेर आली होती. दार ओढून घेऊन, श्वास रोखून, त्याला कान लावून उभी होती. आत खापर एकटंच होतं.