न तपासलेला चौकोन

सकाळी दहाला, मुलाखतीला एक तास उरला असताना, तूबाला आपल्या शोधनिबंधात चूक सापडली.

महाडच्या घरात, स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवलेल्या फळ्यावर ती मुलाखतीची तालीम करत होती. तिची अम्मी बिल्किस तांदळाची भाकरी थापत ऐकत होती. विषय गणितातली कॅटेगरी थिअरी. त्यात वस्तूच्या आत काय आहे ते बघत नाहीत. एका वस्तूकडून दुसरीकडे जाणारे बाण बघतात. फळ्यावर चार अक्षरांचा चौकोन होता, चारही बाजूंना बाण. वरून गेलं काय, खालून गेलं काय, हाती तेच यायला हवं. निबंधात तूबाने त्याखाली लिहिलं होतं : चौकोन जुळतो, हे उघड आहे. या विषयात तसं लिहायची रीतच आहे. पुढची सगळी सिद्धता त्या ओळीवर उभी होती.

ती ओळ उलगडून सांगायला गेली आणि खडू थांबला.

“काय झालं गो?”

“हे मी तपासलंच नाय.”

“दोन्हीकडून त्याच कोपऱ्यात पोचायचं ना? चार दिवस तेच ऐकतेय.”

“नुसतं पोचून भागत नाय, अम्मी. अब्बा महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आंबेनळीने आणतात. तो घाट बंद असला की लांबून, वरंध्याने. दोन्हीकडून महाडलाच येतात. माल सारखा येतो काय?”

“वरंध्याने चटणी येते,” बिल्किस म्हणाली. “आणि तुझे अब्बा दुकानदाराला सांगतात, सेम हाय.”

तूबाला हसू आलं. मग ती पुन्हा फळ्याकडे वळली. जागा एकच होती, पाच वर्षांच्या संशोधनाची. ती गेली तर जूनपासून बिरवाडीच्या क्लासात आठवीचं गणित. तिथे तिने होकार कळवून ठेवला होता.

“मुलाखतवाल्यांना दिसलंय काय हे?”

“निबंध महिनाभर त्यांच्याकडे हाय. कोणी काय विचारलं नाय.”

“मग तू कशाला दाखवतेस? आधी जागा घे. चौकोन काय पळून जातोय?”

तूबाने चौकोन पुसून नव्याने मांडला. अकरापर्यंत ती खोडत आणि लिहीत राहिली.

लॅपटॉपच्या पडद्यावर मुलाखत घेणारे तिघे होते. मधल्या बाईंची व्याख्यानं इंटरनेटवर फुकट होती. तूबा हा विषय त्यांवरूनच शिकली होती. त्यांनीच सुरुवात केली.

“तुमच्या निबंधाचा मुख्य निकाल सांगा.”

“सांगते. पण आधी एक गोष्ट. सातव्या पानावरचा चौकोन मी तपासलेला नाही.”

“तुम्ही ‘उघड आहे’ असं लिहिलंय.”

“हो. आज बघितलं. उघड नाही.”

“म्हणजे जुळत नाही?”

“तेही माहीत नाही. सकाळपासून प्रयत्न केला. जमलं नाही.”

“आणि तो जुळला नाही तर?” उजवीकडच्या गृहस्थांनी विचारलं.

“तर माझा निकाल राहत नाही.”

गृहस्थांनी काहीतरी टिपून घेतलं. आणखी दोनतीन प्रश्न झाले. कळवू, असं म्हणून दोघे पडद्यावरून गेले. बाईंनी कॅमेरा बंद केला. माइक चालूच राहिला.

तूबाने कॉल तोडला नाही.

“गेले ना सगळे?” बिल्किसने दारातून विचारलं.

तूबाने ओठांवर बोट ठेवलं. बाईंच्या काळ्या चौकटीतून कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज येत होता. मध्येच थांबे, रबर घासल्यासारखं, ‘वरून… आता खालून’ असं पुटपुटणं ऐकू येई, आणि पुन्हा सुरू होई. साडेबारापर्यंत तो चालू होता.