पहिला आवाज

परतूरच्या मंगल कार्यालयात कानाची मशीनं फुकट वाटत होते. आईचे कान गेल्यावर माझी लेक साक्षी बोलायला शिकली, म्हणून पहिला आवाज नातीचाच ऐकायचा, असं आईनं ठरवलं होतं. पण संस्थेच्या अध्यक्षांनी साक्षीला फोटोत येते म्हणून बाजूला ढकललं, पेढ्याच्या चिकट बोटांनी आईच्या कानातलं मशीन दोनदा काढून घातलं आणि माइकवर घोषणा केली, "ही बिचारी बहिरी बाई आमच्यामुळं माणसात आली!" आईचा चेहरा नासलेलं दूध प्यायल्यासारखा झाला. "आजी, ऐकू येतंय?" त्यांनी माइक पुढं केला. टाळ्यांसाठी हात वर झाले. "न्हाई," आई म्हणाली, "बिलकुल न्हाई." "सवयीला वेळ लागतो," मशीन बसवून देणाऱ्या डॉक्टर मॅडम ओठांत हसू दाबून म्हणाल्या. पायऱ्या उतरताना मागून साक्षी पुटपुटली, "आजी, भूक लागली." वळून न बघताच आईनं पदरातले शेंगदाणे मागं धरले.