निरोगी नमुना

तिसरी स्लाइड उमेदवाराने बरोबर ओळखली. चौथीही. डॉक्टरबाईंनी समोरच्या कागदावर दोन खुणा केल्या आणि चेहऱ्यावर काहीही उमटू दिले नाही.

"अजून सहा आहेत. उत्तरं आता लिहूनच द्या. घाई नाही."

"घाई मी करतही नाही, मॅडम," उमेदवार सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता म्हणाला.

काचेच्या पार्टिशनपलीकडे डॉक्टरबाईंचा दीर फोनवर होता. रक्ततपासणीच्या या प्रयोगशाळेतले डॉक्टरकीखेरीज सगळे काम तोच पाही. आज सकाळपासून तो उमेदवाराच्या कागदपत्रांची शहानिशा करत होता. अर्जात दिलेल्या नंबरावर फोन करायचा नाही, संस्थेचा नंबर आपला आपण शोधायचा, असा डॉक्टरबाईंचा नवा नियम होता. फोन ठेवून त्याने त्यांना खुणेने बाहेर बोलावले.

"कॉलेज खरं, गुण खरे, नऊ वर्षांची नोकरी खरी. सुटली का, तर ते हॉस्पिटलच बंद पडलं. आता पाळण्यात पाय कसे दिसत होते, तेवढं विचारायचं राहिलंय."

"तेही विचारा. मागच्या वेळी काय विचारलं होतंत, भाऊजी?"

दिराने हातातली फाइल मिटली. मागच्या वेळी त्याने काहीच विचारले नव्हते. मागचा तंत्रज्ञ त्याच्या मित्राचा मेहुणा होता आणि 'घरातलाच आहे' एवढी शिफारस पुरेशी ठरली होती. सात महिन्यांनी त्या मेहुण्याला एका निरोगी शिक्षिकेच्या रक्तात कर्करोग दिसला. अहवालावर सही डॉक्टरबाईंची होती. स्लाइड मात्र त्यांनी पाहिली नव्हती. शिक्षिका अकरा दिवस तो अहवाल उशाशी घेऊन झोपली. बाराव्या दिवशी दुसऱ्या प्रयोगशाळेने तिला काहीही झालेले नसल्याचे कळवले. मेहुण्याचे प्रमाणपत्र त्यानंतर प्रथमच नीट वाचले गेले. त्यावर जे साल होते, त्या साली ती संस्था स्थापनच झालेली नव्हती.

अशी आणखी एक चूक झाल्यास परवाना रद्द होईल, अशी नोटीस आली होती. तेव्हापासून अडीच महिने प्रत्येक नमुना डॉक्टरबाई स्वतः वाचत होत्या. या कामाने त्यांचे वजन निम्म्यावर आले, असे दिराचे मत होते. वजनकाट्याच्या मते ते सहा किलोंनी उतरले होते.

"दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून प्यावं, मान्य," दीर म्हणाला. "तुम्ही तर ताकाला थर्मामीटर लावताय, वहिनी. हाही हातचा गेला, तर तुम्हीच आडव्या पडाल."

"सातव्या स्लाइडचं उत्तर येऊ द्या. मग ठरवू."

"असं काय आहे सातवीत?"

"काहीच नाही. निरोगी रक्त आहे. बाकी नवांत आजार आहेत, त्यामुळे माणसाला वाटतं, दहाव्यातही काहीतरी असणारच. निरोग्याला निरोगी म्हणायलाही छाती लागते. मागच्याला ते जमलं नाही."

"रक्त कोणाचं आणलंत?"

"आहे एक खात्रीचा माणूस. आज सकाळी मीच स्लाइड केली."

अर्ध्या तासाने उमेदवाराने कागद पुढे केला. नऊ उत्तरे बरोबर होती. सातव्या क्रमांकासमोर त्याने बारीक, सुवाच्य अक्षरात लिहिले होते: 'तीव्र रक्तकर्करोगाची शक्यता. पांढऱ्या पेशी अपक्व. प्लेटलेट जवळजवळ नाहीत. तातडीचे.'

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवले.

"सातवी पुन्हा बघा."

"तीनदा बघितली, मॅडम."

"उत्तर बदलायचं असेल तर अजून बदलू शकता."

उमेदवाराने कागदाला हात लावला नाही. पाच महिने तो घरी बसून होता. तसे त्याने अर्जातच लिहिले होते.

"नोकरीची मला फार गरज आहे," तो म्हणाला. "पण दिसलं नाही, असं कसं लिहू?"

"मग मला नाही म्हणावं लागेल. जी चूक इथे पुन्हा होऊ द्यायची नाही, नेमकी तीच तुम्ही केलीत."

त्याने चष्मा पुसून खिशात ठेवला आणि पिशवी उचलली. दारापाशी जाऊन तो वळला.

"चूक कुठे झाली तेवढं दाखवाल? पुढच्या ठिकाणी उपयोगी पडेल."

मागणी रास्त होती. डॉक्टरबाई सूक्ष्मदर्शकासमोर बसल्या, स्लाइड सरकवली आणि भिंग जुळवले. मग स्लाइड थोडी डावीकडे नेली. मग उजवीकडे. मग पुन्हा पहिल्या जागी आणली.

"वहिनी, पुढच्याला पाठवू का आत?" दीर दुसरी फाइल घेऊन दारात उभा होता.

त्यांनी भिंगावरून डोळा काढला. उत्तर आले तेव्हा आवाज नेहमीचाच होता.

"नको. नियुक्तीपत्र यांच्या नावाचं करा. रुजू आजपासून."

"अहो, पण हे तर नापास झाले ना?"

"सातवीचं उत्तर माझं चुकलं होतं. लिहिण्याआधी मी स्लाइड पाहिलीच नव्हती."

उमेदवाराने पिशवी खाली ठेवली. नोकरी मिळाल्याचा आनंद त्याने तूर्त बाजूला ठेवलेला दिसला.

"मग त्या पेशंटला आजच कळवायला हवं, मॅडम. यात दिवस घालवून चालत नाही."

"पेशंटला कळलंय."

"कधी कळलं?" दिराने विचारले. "आणि हा तुमचा खात्रीचा माणूस आहे तरी कोण?"

डॉक्टरबाईंनी डाव्या हाताचा हातमोजा उतरवला. सकाळी आठला सुई टोचलेल्या बोटावरचा कापूस दुपारी बारा वाजताही लाल आणि ओला होता.